शालनच्या गळ्यातला खोकला

सातारा, मंगळवार तळ्याजवळ
आखाडी पुनवंचा दुसरा दिवस, १९६७

हिंदुराव,

फाडायचं असंल तर फाड, पन आदी वाच आन् मग फाड. चौथी शिकलेल्या बाईनं सबंध दुपार घालवून लिवलंय, तेवढी तरी किंमत कर. शाळेतलं मराठी मला येत न्हाई. बोलते तशी लिवते.

मी येसूआक्का. तुझ्या बुवांची बायको. आमच्या घरात राहून गानं शिकलास, माझ्या हातच्या भाकरीला नावं ठेवत ठेवत चार-चार खाल्ल्यास, आन् गेलास तो असा गेलास की बुवा वारले तवासुदिक तोंड दाखवलं न्हाईस. औंदाच्या संक्रांतीला त्येंचं वर्स झालं. मिरजंहून मानसं आली, लोनंदहून माझा भाऊ आला. जतहून कोन आलं न्हाई. ते असू दे. त्येच्यासाठी मी शाई नासत न्हाई.

शालनसाठी लिवते. तू गेलास तवा परकर सावरत अंगनात गजगं खेळायची, ती आता लग्नाची झालीया. गाती. शेवटची वर्सं बुवांनी तिलाच समोर बसवलं. दुसरं उरलं व्हतं कोन? तुला तर त्येंनीच घालवलेला.

लोक म्हनतात, पोरगी अगदी बापासारखी गाती. पैलं मला बरं वाटायचं. आता भ्या वाटतं.

बुवांचा दमा शेवटाला किती वाढला व्हता ते तू बगितलं न्हाईस. तोडीतली ती थोरली चीज घेतली की अंतऱ्याच्या पैल्याच शब्दावर श्वास तुटायचा. मग घशात खरखर, मग दोनदा कोरडा खोकला, मग "हं" म्हनून पुढं. शालन समोर बसून घ्यायची. गुरू म्हनंल तसंच म्हनायचं, इकडची काडी तिकडं करायची न्हाई, ही तुमा लोकांची शिकवन. तिनं तसंच घेतलं. तुटका श्वास घेतला, खरखर घेतली, खोकला घेतला, त्यो "हं"सुदिक घेतला. तिला कुटं रं दमा हाय? धडधाकट पोरगी, पान्याचे दोन हंडे एका दमात आनती. पन तोडी लावली की तितंच अडती आन् तितंच खोकती. पहाटं मी चुलीपाशी असते, आतनं त्यो खोकला येतो, आन् माझा हात आपसूक गरम पान्याच्या तांब्याकडं जातो. अर्ध्यात ध्येनात येतं, तांब्या खाली ठेवते.

काल गुरुपुनव. फोटोला हार घातला, पोरीनं तंबोरा लावला. शेजारची बनुबाई भिताडाआडनं वरडली, "आवं येसूबाई, बुवांना जरा पानी द्या की! किती खोकत्यात!" म्हातारी इसरली व्हती. आठवलं तवा तिची तिलाच धडकी भरली. आज दिवसभर तिनं आमच्या दाराकडं मान वळवली न्हाई.

आता खरं सांगते. मागल्या महिन्यात शालनचा आवाज बसला म्हनून डॉक्टरकडं नेली. त्येनं आरसा घालून घसा बगितला आन् मला बाजूला घेऊन म्हनला, "बाई, हिच्या गळ्यात गाठी धरायला लागल्या आहेत. ही पुरुषाच्या पट्टीत गाते आणि मुद्दाम घसा खरडते. असंच चालू ठेवलं तर आवाज कायमचा जाईल."

घरी येऊन म्या तिला समजावलं. बाईच्या जातीनं बाईच्या सुरात गावं, त्यात काय पाप हाय? तर म्हनती, "बाबांचा सा काळी एकचा. त्येंनी मला तितं बसवलं. मी कोन वर चढवनारी?" आन् खोकल्याचं इचारलं तर माझ्याकडं अशी बगती, जसं काय म्या देवाची मूर्ती अंगनात टाकायला सांगितली.

तू शिकलास तवा बुवा धडधाकट व्हते. तुझ्या गळ्यात त्यो खोकला न्हाई. जगात आता दुसऱ्या कुनाच्या गळ्यात त्येंचं चांगलं गानं उरलेलं न्हाई. ये, आन् ते पोरीला दे. तिचं गानं गेलं तर ती जगायची न्हाई, एवढं मला कळतं.

येसूआक्का


सातारा
गोकुळाष्टमी झाल्यावर, १९६७

हिंदुराव,

उत्तर न्हाई. म्हटलं, लय मोठ्या मानसाला पत्र घातलं आपन. सायकलीच्या पंक्चरी काढायच्या, पंपानं हवा मारायची, त्यात कार्डावर दोन वळी लिवायला सवड कुटली?

तुझी समदी खबर हाय माझ्याकडं. आमच्या आळीतला नानासो यष्टीवर डायवर हाय, त्येची गाडी जतला मुक्कामी जाती. त्यो म्हनला, हिंदुराव आता गात न्हाई. गुनगुनत न्हाई. रस्त्यानं लग्नाची वाजंत्री निघाली तर दुकानाची फळी लावून आत बसतो. मी म्हटलं, बरं झालं, मुडद्याला अजून लागतंय म्हनायचं.

मिरजंचा उरूस मी इसरलेली न्हाई. दर्ग्याच्या चिंचेखाली बुवा गायला बसले, तू मागं तंबोऱ्याला, मी बायकांत. तोडी लागली. अंतरा आला. त्येंचा श्वास तुटला, नुकता दमा लागला व्हता तवा. आन् त्येंनी मान वळवायच्या आत, खुनंच्या आत, तू मागनं उडी घेतलीस आन् सबंध अंतरा एका श्वासात स्वच्छ म्हनून मोकळा झालास. लोकांनी तुला दाद दिली. म्हातारेकोतारे मान हलवायला लागले. बुवांनी मैफल पुरी केली. बिऱ्हाडी आल्यावर तुझं मनगट धरलं आन् शागीर्द करताना बांधलेला लाल दोरा, त्यो गंडा, दातानं तोडला.

तू रडत पायावर पडलास, त्येंनी पाय मागं घेतले. म्या मनातल्या मनात त्येंनाच शिव्या घातल्या. म्हटलं, म्हातारपनी पोरग्याची दाद बगून पोटात दुखाया लागलं. त्येंना कारन इचारलं तर म्हनले, "तुला न्हाई कळायचं." नंतर एवढ्या वर्सांत एकदा बी तुझं नाव काढलं न्हाई. पन कुनी हिंदुराव म्हनून दुसऱ्याच कुनाला हाक मारली तरी वळून बगायचे.

आता आडचन काय हाय ती सांगते. शालनला म्हटलं, हिंदुरावला बोलावते. तर उसळली. म्हनती, "त्येंचा गंडा बाबांनी तोडलाय. ज्याचा गंडा न्हाई त्यो माझा गुरुभाऊ न्हाई. त्येच्याकडनं घेनं म्हंजे बाबांना मेल्यावर मारनं." वर म्हनती, "आई, तुला गान्यातलं काय कळतं?"

न्हाईच कळत. गुरवाच्या घरात लोनंदची शेतकऱ्याची लेक पडले, बेलाची पानं निवडायची, पत्रावळी लावायच्या, गान्याशी माझा संबंध चुलीएवढा. पन पोरीचा गळा जातोय हे कळायला काय गानं शिकाया लागतं?

तरी ये. ती काय म्हनती ते मी बगते.

येसूआक्का


सातारा
दिवाळीचा पाडवा, १९६७

हिंदुराव,

आज सनाचा दिवस, चांगलंच लिवावं म्हनते, पन चांगलं काय न्हाई.

सांगलीहून एक गायन मास्तर आले व्हते. भला मानूस. बुवांना मानायचा. शालनचं ऐकून त्येच्या डोळ्यांत पानी आलं, आन् म्हनला, "पोरी, सांगलीला चल. माझ्या घरी राहा. आवाज सोडवून देतो." पोरगी त्येच्या पाया पडली आन् म्हनली, "तुमचं घरानं येगळं. मी बाबांचा गंडा बांधलाय." त्येनं माझ्याकडं बगितलं. मी खाली मान घातली. चहा पिऊन बिचारा गेला.

त्येच्यानंतर आठवड्याभरात तिचा आवाज गेला. बोलाया बी येईना. पाटीवर लिवून दाखवायची, मीठ दे, दार लाव. डॉक्टर म्हनला, महिनाभर तोंडातनं शब्द काढू नका, तरच काय ते.

घर गप झालं. मला वाटलं, सुटले. पैल्या दिवशी डोळे मिटून पडले, किती दिवसांची झोप भरून काढली. दुसऱ्या दिवशी मात्र घरात पाय टिकंना. दळायला बसले, उठले. परसात गेले, परत आले. बुवा वारल्यावर माझं काय झालं न्हवतं ते आता झालं. कारन तवापासनं रोज पहाटं त्येंचा खोकला घरात व्हताच की. मी रडले व्हते, पांढरं कपाळ करून बसले व्हते, पन मनात कुटंतरी मला ते गेलेच न्हवते.

आन् आता जे लिवते ते कुनाला सांगू नको. कालच्या पहाटं मी शालनच्या अंथरुनापाशी गेले आन् म्हटलं, "शालू, जरा म्हन की गं. हळूच. एकच वळ." पोरीनं माझ्याकडं बगितलं. तिनं पाटी उचलली न्हाई. मग मला भान आलं आन् मी पळत परसात गेले.

मी आई हाय का कोन हाय? सांग मला. पोरीच्या गळ्यातनं नवरा मागते.

तू न्हाई आलास तर हे घर तिला खानार. तिचा बाप न्हाई खानार, मी खानार.

येसूआक्का


सातारा
१४ डिसेंबर, १९६७

हिंदुराव,

तुझं कार्ड आज पोचलं. आमी जित्ते हाय.

सोमवारी पहाटं धरनी हालली. कोयनंकडं लय मानसं गेली, गावंच्या गावं आडवी झाली म्हनतात. हितं भिताडाला तडे गेले, माळवदाची माती पडली, बनुबाईची न्हानी ढासळली. जीव कुनाचा गेला न्हाई आमच्या आळीत.

त्या येळंला शालन तंबोऱ्यापाशीच बसली व्हती. आवाज थोडा आला व्हता, मी नको म्हनत असताना पहाटंचा खर्ज लावायला लागली व्हती. जमीन घोंगावली. भांडी फळीवरनं खाली आली. मी बाहेर पळाले आन् वरडले, "शालू, बाहेर ये!" समदी आळी रस्त्यावर, कुनाच्या अंगावर घोंगडं, कुनाच्या कडंला पोर. शालन न्हाई. आतनं तंबोरा वाजत व्हता. तिनं छेडला न्हाई, हिंदुराव. तिनं मागनं सांगितलं, म्या हात लावलाच न्हवता, तारा आपल्या आपन बोलत व्हत्या. आन् त्यात त्यो खोकला. दोनदा. मग "हं".

मी आत शिरले. ती तंबोऱ्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसली व्हती, डोळे मिटलेले, वरनं माती पडत्येय. मी तिचा दंड धरून वडली तर म्हनती, "बाबांना सोडून कशी येऊ?" म्या तिच्या थोबाडीत मारली. जन्मात पैल्यांदा. तंबोरा आन् पोरगी दोन्ही वडत बाहेर आनली.

आळीतल्या बायका आमच्यापास्नं चार हात लांब उभ्या राहिल्या. त्येंनी ऐकलं व्हतं.

आता तुझ्या कार्डाचं. लिवतोस, "आक्का, भूकंपाचं ऐकून जीव राहवंना. पैली पत्रं मिळाली. माझ्या मनगटाला गंडा न्हाई, त्या घरात सूर लावायचा मला हक्क न्हाई, म्हनून गप व्हतो." तू आन् शालन दोघं एकाच मुशीतले. मेलेल्या मानसाचा मान राखायचा म्हनून जित्तं मानूस मरू द्यायचं.

तर ऐक. गंडा मी बांधते. हसू नको. बुवांनी तोडला, त्येंची बायको बांधनार. शास्त्रात हाय का न्हाई मला म्हाईत न्हाई, आन् शास्त्र सांगनारा आता कोन बसलाय? माघात ये. मिरजंवरनं येताना बाईच्या पट्टीला चालतील अशा बारीक तारा घेऊन ये.

येसूआक्का


सातारा
होळीच्या आदल्या दिवशी, १९६८

हिंदुराव,

तू यष्टीत बसलास आन् मी फाटकापास्नं घरी आले. तू हितं व्हतास तवर मला धड बोलता आलं न्हाई. तुला वाढत व्हते, तू ताटाकडं बगत व्हतास. किती पिकलास रं. दाढीतसुदिक पांढरं. म्हनून आता लिवते.

गंडा बांधायला बसले. लाल दोरा, गूळ, चने, समदं मांडलं, बुवांच्या हातनं बगितलं व्हतं तसंच. शालन उंबऱ्यात उभी. तिनं इचारलं, "आई, ह्यो अधिकार तुला कुनी दिला?" तोंडातनं निघालं, "तुझ्या बाबांनी ह्येला सूर दिला, अन्न म्या दिलं. सुराचा गंडा त्येंनी तोडला. अन्नाचा म्या कवा तोडला न्हवता." तू मनगट पुढं केलंस. गाठ मारताना मला दिसंना, दोनदा सुटली.

मग तू गायलास. एवढ्या वर्सांनी. गंजलेल्या कडीसारखा आवाज तुझा, पैल्यांदा तर शालन तोंड फिरवून हसली. हळूहळू तापलास. मी दाराआड पदर तोंडात धरून बसले व्हते. म्हटलं, आता अंतरा येईल, आन् आता मला ते चांगलं गानं ऐकाया मिळंल, माझ्या लग्नाच्या येळचं, जवा त्येंना दमा न्हवता.

आन् तू तितंच थांबलास. त्याच शब्दावर. त्याच जागी श्वास तुटला.

म्हटलं, ह्येच्यात बी शिरले! मी धावत आत आले तर तू शांत बसलेला. शालन तुझ्या तोंडाकडं बगत व्हती, जसं कुनी तिचं चोरलेलं परत दिलं.

तवा तू सांगितलंस. तुझा शब्दन् शब्द माझ्या कानात हाय. "आक्का, बुवांचा दमा नंतरचा. ह्यो श्वास त्येंनी मला शिकवला तवा त्येंची छाती भात्यासारखी व्हती. ह्यो त्येंचा न्हवंच. मिरजंच्या दस्तगीरसाहेबांचा हाय, बुवांच्या उस्तादांचा. बुवा त्येंच्याकडं गेले तवा दस्तगीरसाहेब थकले व्हते, तितं त्येंना दम पुरत नसे. बुवांनी घेतलं तसं घेतलं. उरसाच्या येळी त्येंना नुकता दमा लागला व्हता, मला वाटलं ते खरंच अडले, म्हनून म्या भरून काढलं. बिऱ्हाडी गंडा तोडताना कानात म्हनले, तितं माझा उस्ताद बसलाय, आन् तू त्येच्या अंगावर पाय देऊन गेलास."

म्हंजे एवढी वर्सं मी त्येंना पोटदुख्या म्हनत व्हते. आन् म्हंजे त्येंनी बी एका म्हाताऱ्याचा आजारच घेतला व्हता, शालनसारखा, आन् पुजला व्हता. मला हसू आलं आन् रडू बी आलं. तू म्हनलास, "कुटलं दुखनं आन् कुटलं गानं, ते आता सांगनार कोन, आक्का? श्वास राहू दे. एवढी मानसं त्येच्यात बसल्यात."

शालननं लगेच इचारलं, "मग खोकला?"

"खोकला तुझ्या बाबांचा. गान्याचा न्हाई."

"कशावरनं?"

"म्या त्येच्याआदीचं ऐकलंय, शालू. मी एकटाच राहिलोय ज्येनं ऐकलंय."

पोरीनं तुझ्या मनगटाकडं बगितलं. मग उठली आन् तंबोरा आनून तुझ्यापुढं ठेवला. तू जुन्या तारा सोडायला लागलास. ती पैली जाड तार सुटली तवा मी सैपाकघरात गेले. तुला वाटलं चहा टाकायला गेले. चहा न्हाई टाकला. चुलीपुढं नुस्ती बसून राहिले.

तू नव्या तारा चढवल्यास, काळी तीनवर आनलास. तिनं सूर लावला. आधी फुटला, मग लागला. हिंदुराव, तो आवाज म्या कवा ऐकलाच न्हवता. माझ्या पोटची पोर, आन् तिचा आवाज मला अनोळखी. कवळा, सरळ. अंतऱ्याच्या शब्दावर श्वास तुटला, नुस्ता श्वास, आन् ती पुढं गेली. खोकली न्हाई.

तू डोळे पुसलेस. मी बी पुसले. तुझं तुला म्हाईत कशासाठी पुसलेस, पन माझं येगळं व्हतं.

दर महिन्याला येनार म्हनलास, ते पाळ. पोरीनं तुला काल "दादा" म्हटलं, ऐकलंस न्हवं?

आक्का


सातारा
ज्येष्ठाचा पैला आठवडा, १९६८

हिंदुराव,

मागल्या खेपंला तू आलास तवा शालनपुढं बोलता आलं न्हाई. कागदावर सांगते, कागद वाचून चुलीत घाल.

आधी चांगलं. डॉक्टरनं परवा पुन्हा आरसा घातला. गाठी बसत आल्यात म्हनला, पट्टी हीच ठेवा. शालन बाजारात बी गुनगुनत चालती. नव्या चिजंचं तू सांगितलंस ते रोज घोकती. तिकडच्या आळीतल्या दोन पोरींनी शिकायला यायचं इचारलंय, मी म्हटलं, आधी तुझा गळा, मग शिष्यिनी. माझं ऐकती आता. लय दिवसांनी रात्री पोटभर जेवती.

तू माझं काम केलंस. तुझं उपकार मी ह्या जन्मात फेडत न्हाई.

आता दुसरं. पहाटं ती गाती, मी चुलीपाशी असते, आन् अंतरा आला की माझा हात थांबतो. श्वास तुटतो, मी वाट बगते, आन् ती पुढं जाती. रोज. रोज मी वाट बगते आन् रोज ती पुढं जाती. तिचा गळा वाचला आन् माझं मानूस गेलं. लोकांच्या लेखी बुवा अडीच वर्सांमागं गेले. माझ्या लेखी ते होळीच्या आदी गेले, तू तार सोडलीस तवा. ह्यात तुझा दोष न्हाई. म्याच बोलावलं तुला, म्याच तारा आनायला सांगितल्या.

वाटलं, उतरंल हळूहळू. सगळ्यांचं उतरतं.

मागल्या बुधवारी शालन हिरीवर धुनं घेऊन गेली व्हती. मी भाकरी थापत व्हते. घरात कुनी न्हाई. काय मनात आलं म्हाईत न्हाई, माझ्या तोंडातनं ती तोडी निघाली. मला गायला येत न्हाई, तुला म्हाईत हाय. सुरात व्हतं का नव्हतं, देव जाने. शब्द हिंदुस्तानी, अर्थ मला आजवर कळलेला न्हाई. पन एवढी वर्सं कानावर पडलेलं, एक एक जागा बिनचूक आली. अंतरा आला. पैल्या शब्दावर श्वास तुटला. घशात खरखर झाली. मग खोकला आला, दोनदा, कोरडा. मग "हं". मी केला न्हाई, हिंदुराव. आला.

तवा शालन दारात उभी. हातातली धुन्याची बादली तशीच, तोंड पांढरं फटक. म्हनली, "आई, आत्ता कोन खोकलं?"

मी म्हटलं, "मी गं. धूर गेला घशात."

ती चुलीकडं बगत राहिली. चुलीत निखारं व्हते, धूर न्हवता. तिनं बादली खाली ठेवली, मला तांब्याभर पानी आनून दिलं आन् धुनं वाळत घालायला गेली. तिला समजलं असंल तर समजलं.

तवापासनं ती हिरीवर गेली की मी म्हनते. रोज. त्यो खोकला येतो. मी भाकरी थापत असते, त्येंचा आवाज माझ्या घशात असतो, आन् मला भ्या वाटत न्हाई.

तिच्या गळ्यातनं तू त्येंना सोडवलंस ते बरंच केलंस, तिला गायचंय, तिला लांब जायचंय. माझा गळा सोडवायला येऊ नको. माझ्या गळ्याचं कुनाला काय काम हाय? राहू दे त्येंना हितं.

पुढल्या खेपंला येशील तवा माझ्यासमोर हसून बोल, आन् शालनला ह्यातलं काय सांगू नको.

आक्का